बर्फखाना

तिकीट पाचशे फिल्स, म्हाताऱ्यांना निम्मं.
दाऊदमामू म्हणाला, पूर्ण दे.
पूर्वी इथं आत यायचे मलाच पैसे मिळत.

मुहर्रकच्या मागल्या गल्लीतला बर्फाचा कारखाना
आता चुन्याने पांढराशुभ्र,
आत इतका गार
की मामू माझी ओढणी मागून खांद्यावर घेतो.
बर्फ पडायचा तेव्हा आम्ही उघडेबंब असायचो, म्हणतो.

चिमटा भिंतीवर, खाली कार्ड.
टोच्या, खाली कार्ड.
गोणपाट काचेत, इस्त्री केल्यासारखं.
मामू कार्डं वाचत नाही,
हात मागे बांधून फरशी बघत जातो
आणि जिथे लाद्या घसरत यायच्या
तिथे अजून पाऊल तिरकं टाकतो.

मग मधोमध ते धूड.
बिडाचं अंग, हिरवा रंग नवा,
माणसाएवढं चाक, पट्टा काढून ठेवलेला.
पितळी पाटीवर जर्मनीतल्या कुठल्याशा गावाचं नाव.
मामूने ते वीस वर्षं चिंचेने घासलं,
वाचता कधी आलं नाही.

मुनीरा इंग्रजीत सांगते, मी मराठीत:
त्या गावच्या खाणी मिटल्या,
आता खाणीला तिकीट, भट्टीला तिकीट.
उरलेले म्हातारे रविवारी येतात
आणि मशिनांना तेल घालतात.
ह्याचा जुळा भाऊ तिथे अजून फिरतो,
त्याचा आवाज आम्ही मागवून घेतलाय.
ती कळ दाबते.

धप् सूं. धप् सूं. धप् सूं.

मामू कान लावतो,
नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा.
हा नाय.
काय नाही?
हा आमचा नाय. ह्याच्या भावाचा.
भावाने जुलै बघितला नाय कधी.
वाळू खाल्ली नाय.

मग मुनीराकडे न बघता, चाकाशी बोलावं तसं:
आमचा सातव्या फेऱ्याला अडखळायचा.
वॉल्व्हचा वॉशर गेला, साहेब म्हणाला नवा येतोय.
आगबोटीने निघाला, म्हणाला.
मी मिरकरवाड्यात बर्फ शिकलेला माणूस,
चप्पल कापली, कातडं बसवलं.
वॉशर काय आला नाय. साहेब पण गेला.
एका चपलेवर चौदा वर्षं बर्फ खाल्ला ह्या बेटाने.

अमोनिया फुटायचा तेव्हा बू-खलील आत शिरायचा.
मोत्यांचा धंदा बुडाल्यावर इथे लागलेला पाणबुड्या,
दम कोंडायची सवय.
नाकावर चिमटा तोच, समुद्रातला.
आत जाऊन चावी फिरवून सावकाश बाहेर यायचा,
बाजारातून आल्यासारखा.
मला जमायचं नाय. मी श्वास घ्यायचो.

मुनीरा मोबाईल पुढे धरते.
तो आवाज काढून दाखवाल?
मामू मला विचारतो, ही थट्टा करते काय?
नाही, मामू.

तो ओढणी काढून माझ्या हातात देतो.
चाकावर पंजा ठेवतो. डोळे मिटतो.
धप् सूं. धप् सूं.
गालात वारा भरून, ओठांच्या कडेने वाफ सोडत.
शाळेची सहल थांबते, पोरं खिदळतात,
मग खिदळत नाहीत.
चार. पाच. सहा.
सातव्याला खोकला येतो.
खोल, ओला, कमरेतून वाकवणारा.
मी पाणी शोधते. मुनीरा बटण बंद करायला विसरते.

बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणते,
काळजी करू नका, खोकला मी कापून टाकीन.
मी मराठीत सांगते.
मामू तोंड पुसतो.
कापू नको म्हणावं. सातवा फेरा तोच.

बाहेर ऊन उभं आहे.
कोपऱ्यावर मलबारी दुकानात लिंबूपाणी घेतो आम्ही.
मामू दोन बोटांनी बर्फाचा खडा बाहेर काढतो,
उजेडात धरतो, फिरवतो,
पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वाहतं.
मधे पांढरा आहे, म्हणतो.
घाईत गोठवलाय.